कोरा सदरा पाच वर्षं अंगावर वागवल्यासारखा कसा करायचा: नाटकाचे कपडे झिजवायची, विटवायची आणि मळवायची पूर्ण पद्धत

नाशकात राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की मला हमखास फोन येतात, ताई शेतकऱ्याचे दोन सदरे आणि एक लुगडं पाहिजे, जरा मळवून द्या. मळवून द्या हे लोक असं म्हणतात की जणू चहाच्या पाण्यात बुडवलं, पिळलं, झालं. मग प्रयोगाच्या दिवशी साईखेडकर नाट्यगृहाच्या स्टेजवर जो सालगडी येतो त्याचा सदरा सगळीकडे सारखाच तपकिरी असतो, कॉलर तेवढीच, पाठ तेवढीच, काखेत तेवढाच, बाहीवर दुकानातल्या घडीची रेघ तशीच, आणि दहाव्या रांगेतल्या माणसालाही कळतं की हा कपडा काल आणलाय. नट बिचारा जीव तोडून काम करत असतो आणि त्याचा कपडा त्याला साथ देत नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून जे मला येतं ते सगळं इथे सविस्तर लिहितेय.

आधी माझी एक चूक सांगते कारण सगळी पद्धत तिथूनच सुरू झाली. बहात्तरच्या दुष्काळावरचं नाटक होतं, खडी फोडायच्या कामावरची माणसं. मी चार दिवस खपून कपडे तयार केले, धोतराच्या खालच्या काठाला मस्त काळ्या मातीचा चिखल, सदऱ्याच्या पाठीवर शिंतोडे, अगदी खरे वाटतील असे. रंगीत तालमीला आजीला घेऊन गेले होते, आमची आजी सिन्नरच्या पूर्वेकडच्या गावची, १९७२ ला स्वतः खडीवर होती. पडदा उघडला आणि दोन मिनिटांत ती माझ्या कानाशी म्हणाली, अगं, दुष्काळात चिखल कुठून आला? आम्ही धूळ खाल्ली. चिखल बघायला मिळाला असता तर कामावर कशाला गेलो असतो.

त्या रात्री घरी बसून तिने मला सांगितलं कपडा कुठे कुठे फाटायचा, कुठे पांढरा पडायचा, आणि मी वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून मी रंगाला हात लावायच्या आधी वही काढते.

आधी वही, मग बादली

पहिली पायरी कागदावरची आहे आणि ती कृपा करून सोडू नका. कपड्याची एक साधी आकृती काढा, पुढून आणि मागून, आणि स्वतःला विचारा हा माणूस दिवसभर काय करतो, बसतो कसा, उजवा की डावखुरा, ओझं कुठल्या खांद्यावर घेतो, हात कशाला पुसतो, पाणी त्याला मिळतं का, कपडा किती दिवसांनी धुतला जातो, फाटला तर शिवतं कोण.

खडी फोडणारा माणूस घ्या. तो जमिनीवर बसतो, एक पाय लांब, समोर दगड, उजव्या हातात हातोडा. म्हणजे धोतर बुडाशी आणि लांब केलेल्या पायाच्या मांडीवर झिजणार, तिथेच दगडाची राखाडी धूळ बसणार, कारण आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट आणि त्याची पूड राखाडी पडते. डावा हात दगड धरतो म्हणून डाव्या बाहीचा काठ जास्त खराब. ऊन वरून लागतं म्हणजे खांदे आणि पाठीचा वरचा भाग विटलेला, पण काखेखाली आणि घडीच्या आत मूळ रंग शिल्लक. घाम पाठीवर, छातीच्या मध्ये आणि टोपीच्या पट्टीवर. धुवायला पाणी नाही त्यामुळे धुऊन धुऊन आलेला स्वच्छ फिकेपणा इथे चालणार नाही. बाई असेल तर ती डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी वाहते, म्हणजे पदर बरोबर टाळूवर गोल विरणार, आणि मूल कडेवर घेत असेल तर त्या एका बाजूला लुगडं कायम चुरगळलेलं आणि तेलकट राहणार.

आता हेच नाटक आजच्या निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागेतलं असेल तर सगळं बदलतं. बागेत बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या माणसाचा शर्ट जवळून बघा, मोरचूद आणि चुन्याचे फिकट निळे-हिरवे ठिपके असतात, पंपाच्या पट्ट्याखाली दोन्ही खांद्यांवर मात्र ठिपके नाहीत, तिथे पट्ट्याच्या रुंदीएवढी स्वच्छ वाट असते आणि त्या वाटेच्या कडेला कापड घासून मऊ झालेलं असतं. ही गोष्ट घरी बसून सुचत नाही, बघावीच लागते. स्टेजसाठी खरा मोरचूद वापरू नका, तो विषारी आहे आणि कातडीला त्रास देतो, फिकट निळा-हिरवा ऍक्रेलिक टूथब्रशने उडवला की तेच दिसतं. पट्ट्याच्या जागी आधी चिकटपट्टी लावायची, रंग उडवायचा आणि मग काढायची.

कापड

सुती घ्या. मांजरपाट सगळ्यात उत्तम, मेन रोडला कुठल्याही जुन्या कापड दुकानात मिळतं, नाहीतर खादी. घरातली जुनी धोतरं, जुन्या सुती चादरी तर सोनं आहेत. दारावर बोहारीण येत असेल तर तिच्याशी बोलून ठेवा, भांड्यांच्या बदल्यात आलेल्या गाठोड्यात असे सुती सदरे सापडतात की जे आपण महिनाभर घासूनही होणार नाहीत.

दुकानदार सुती म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. आतल्या शिवणीतले चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर, आणि टोकाला कडक मणी तयार होतो. दोन्ही लक्षणं दिसली तर मिश्र कापड. पॉलिस्टरवर चहा, कात, कांदा, ब्लीच यांतलं काहीच नीट चालत नाही, वरून रंग मारून भागवावं लागतं आणि ते जवळून कळतं. मी एकदा हे तपासलं नव्हतं आणि प्रयोगाच्या आदल्या रात्री तीन सदरे बादलीतून जसेच्या तसे पांढरेशुभ्र निघाले, तेव्हापासून काडेपेटी माझ्या पिशवीतच असते.

आणि एक, भाड्याने आणलेल्या ड्रेपरीवर, म्हणजे नाटकाच्या तयार कपड्यांवर, यातलं काहीही करायचं नाही. तिला फार तर वरून मुलतानी मातीची धूळ, तीसुद्धा विचारून.

खळ काढणे

नव्या कापडाला खळ असते, ती असेपर्यंत रंग डागाडागाने बसतो आणि कापड अंगावर पडतही नाही. गरम पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, थोडा साबण, अर्धा तास भिजवा, चोळा, दोनदा तीनदा पाण्यातून काढा. वाळवताना झटकू नका, ताणू नका, पिळून गोळा करून तसाच वाळू द्या म्हणजे सुरकुत्या बसतात. इस्त्री या पायरीपासून विसरायची, ती थेट शेवटीच लागणार आहे.

माप घेऊन शिवायचं असेल तर ही धुलाई शिवायच्या आधी करा, मांजरपाट आटतं आणि चांगलं आटतं.

शरीराचा आकार

ही पायरी लोक गाळतात. जुन्या कपड्यात माणसाचं शरीर राहिलेलं असतं, कोपर फुगलेला, गुडघ्याला पोक, खिसा खाली ओघळलेला. माझा सगळ्यात आवडता उपाय म्हणजे नटालाच आठ दिवस तालमीत तो कपडा घालायला लावणे. खरा घाम, खरी बसण्याची जागा, सगळं फुकट मिळतं, आणि तो कुठे हात पुसतो, बाही कितीदा वर सारतो हेही तुम्हाला बसून बघता येतं. तेवढा वेळ नसेल तर कपडा ओला करा, कोपरात आणि गुडघ्यात जुन्या चिंध्यांचे घट्ट गोळे भरा, खिशात मूठभर दगड टाका, बाह्या नटाच्या सवयीइतक्या दुमडून दोऱ्याने बांधा आणि दोरीवर टांगून कडक उन्हात वाळवा.

झिजवणे

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे घाई केलीत तर पुढचा रंग कितीही छान करा, कपडा खोटाच दिसणार. कापड आधी झिजतं मग मळतं. मळ झिजलेल्या धाग्यात शिरतो, न झिजलेल्या गुळगुळीत कापडावर तो नुसता लावल्यासारखा दिसतो.

हत्यारं घरचीच. पाय घासायची वजरी, ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर, सुताराची कानस, तारेचा ब्रश. कापडाच्या आत काहीतरी टणक लागतं नाहीतर हात नुसता घसरत राहतो. बाहीत लाटणं सरकवायचं, पाठीखाली पोळपाट, गुडघ्याखाली उपडी वाटी.

कॉलरपासून सुरू करा. कॉलर दुमडते ती धार आहे ना, फक्त त्या धारेवर वजरी फिरवा, कॉलरच्या पानावर नाही. पंधरा-वीस मिनिटांनी धारेवर आधी लव उभी राहते, मग पांढरट होते, मग आडवे धागे तुटून उभे धागे मोकळे दिसायला लागतात, अगदी कंगव्याच्या दातांसारखे एकाशेजारी एक. तिथे थांबा. आतलं अस्तर जरासं डोकावलं पाहिजे, भोक पडायला नको. कॉलरच्या आत मानेच्या मागचा भाग हलक्या हाताने १५० नंबरने घासा. मग बाहीचे काठ, खिशाचं तोंड, तेसुद्धा ज्या हाताने माणूस वस्तू काढतो त्या बाजूचा कोपरा जास्त. काजांच्या कडा. शिवणीच्या उंच रेघा, कारण शिवण उचललेली असते आणि तीच आधी झिजते. कोपर लाटण्यावर कानसेने, गोल गोल, मध्यभागी जास्त आणि कडेला विरत जाईल असं. धोतराच्या बुडाला पोळपाट ठेवून ८० नंबरने, कापड उजेडात धरलं की पलीकडचं दिसेल इतकं विरवा.

फाटकं दाखवायचं असेल तर कात्रीने सरळ कापू नका. कात्रीचा काप दुरून ओळखू येतो. जागा आधी घासून विरवायची, मग ब्लेडने एखाद सेंटीमीटर छेद द्यायचा आणि दोन बोटांनी फाडायचं, धाग्याच्या दिशेने जातं तसं जाऊ द्यायचं, आणि मग कडा पुन्हा ब्रशने पिंजायच्या. कपडा कुठे अडकेल याचा विचार करा, खिशाचा कोपरा, काखेची शिवण, धोतराचा पायात येणारा काठ. पाठीच्या मधोमध भोक कशाने पडणार? काही कारण असेल तरच पाडा.

ठिगळ

आजीने मला एक गोष्ट सांगितली जी मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली ठिगळ उसवून पडलं की त्याच्या खालचं कापड नव्यासारखं निघायचं, कडेने सुईच्या भोकांची रांग, आणि आजूबाजूचं सगळं पांढरं पडलेलं. मी आता दर नाटकात एका तरी कपड्यावर हे करते. विटवायच्या आधी एक ठिगळ हाताने टाकायचं, सगळी विटवण्याची आणि रंगाची कामं त्याच्यासकट करायची, आणि शेवटी ते अर्धं उसवून लोंबतं ठेवायचं. खाली मूळ रंगाचा चौकोन, कडेला टाक्यांच्या खुणा. प्रेक्षकाला ते वेगळं दिसेल न दिसेल, नटाला मात्र दिसतं आणि तो त्या सदऱ्याला वेगळ्या हाताने धरतो.

ठिगळाचं कापड दुसरं घ्या, दोरा घरात असेल त्या रंगाचा, टाके माणसाप्रमाणे. बाईने बसून शिवलेलं असेल तर बारीक आणि सारखे, एकट्या माणसाने स्वतः शिवलेलं असेल तर लांब आणि ओढलेले, कापडाला चुणी पडलेली.

विटवणे

वेळ असेल तर ऊन. मार्च ते मे आपल्याकडच्या गच्चीवर पंधरा दिवस कपडा ओला करून टाकत राहिलात तर खांदे जसे विटतात तसे कुठल्याच केमिकलने विटत नाहीत, फक्त कपडा खऱ्या माणसासारखा पसरा, खांदे आणि पाठ वर, कूस खाली.

वेळ नसेल तर ब्लीच, आणि इथे नीट ऐका. ब्लीच सुती कापडालाच, रेशमाला आणि लोकरीला अजिबात नाही, ते धागे विरघळतात. एक भाग ब्लीच दहा भाग पाणी, हातमोजे, डोळ्याला चष्मा, काम गच्चीवर किंवा अंगणात. स्पंजने फक्त विटवायच्या जागी लावायचं, खांदे, पाठीचा वरचा भाग, घासलेल्या धारा. पाच-सात मिनिटं डोळ्यांसमोर ठेवा, हवा त्यापेक्षा एक पायरी आधीच धुवायला घ्या कारण काम लगेच थांबत नाही. काळं सुती कापड ब्लीचमध्ये बहुतेकदा तांबूस-नारिंगी होतं, घाबरू नका, पुढच्या रंगात ते दबतं.

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, ऍसिड, अमोनियावालं काहीही कधीही मिसळायचं नाही, विषारी गॅस तयार होतो. व्हिनेगरने ब्लीच थांबतं असं खूप जण सांगतात, ते चूक आहे आणि धोक्याचं आहे. थांबवायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट लागतो, जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तोच, लिटरभर पाण्यात एक चमचा. ब्लीच भरपूर पाण्याने धुवायचं, मग दहा मिनिटं हायपोच्या पाण्यात, मग परत धुवायचं. हे केलं नाही तर ब्लीच धाग्यात राहून कापड कुजवतं आणि तिसऱ्या प्रयोगाला बाही हातात येते.

खालचा रंग

आता कपड्याचा कोरा पांढरेपणा मारायचा. नवा पांढरा कपडा स्टेजच्या लाइटखाली उजळून दिसतो, बाकीचं सगळं केलेलं काम त्यात वाया जातं.

चहा सगळ्यात सोपा. पाच लिटर पाण्याला शंभर ग्रॅम साधी चहा पावडर, दहा मिनिटं उकळून गाळून घ्या, पत्ती राहिली तर तिचे ठिपके पडतात. कपडा ओला करून वीस-पंचवीस मिनिटं. बुडवताना घडी करून, पिळा देऊन, दोन ठिकाणी बांधून टाका, म्हणजे रंग कमीजास्त बसतो. सारखा बसलेला रंग म्हणजे युनिफॉर्म.

मला स्वतःला कांद्याची टरफलं जास्त आवडतात. आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही, कुठल्याही कांद्याच्या आडतीवर पोतंभर फुकट मिळतात. कपड्याच्या वजनाइतकी कोरडी टरफलं तासभर उकळायची, गाळायचं, आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं कापड त्यात टाकायचं, सोनेरी-तांबूस रंग येतो, मातीत राहिलेल्या माणसाच्या कपड्याचा. हळद मात्र चुकूनही नको. ती उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते.

गडद, मरगळलेला राखाडी पाहिजे असेल तर लोखंड. गंजलेले खिळे काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण सैल. हे पाणी चहात किंवा हिरड्याच्या काढ्यात रंगवलेल्या कापडाला लागलं की ते डोळ्यादेखत काळपट व्हायला लागतं. हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पाणी अगदी पातळ करून, चमचाभर एका तांब्यात, आणि ब्रशने जागेवर. जास्त लोखंड कापड कमकुवत करतं, म्हणून पुढच्या वर्षी परत लागणाऱ्या कपड्याला हे बेतानेच. आणि ब्लीच केलेला कपडा नीट धुतल्याशिवाय या व्हिनेगरच्या पाण्याजवळ आणायचाच नाही.

मळ

खरी माती लोक थेट चोळतात. ती दुसऱ्या प्रवेशापर्यंत झडून जाते, नटाच्या अंगाला खाज सुटते, आणि घाटावरची नाहीतर गटारीकडेची माती असेल तर त्यात काय काय असतं कुणास ठाऊक. माती वापरायचीच असेल तर शेतातली कोरडी घ्या, तव्यावर चांगली भाजा, मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात त्या बाइंडरमध्ये कालवून पाण्याने पातळ करा. फेव्हिकॉलमध्ये कालवू नका, कापड पापडासारखं कडक होतं आणि घाम लागला की चिकट.

मी बहुतेक वेळा चाळलेली माती फक्त रंग जुळवायला समोर ठेवते आणि रंग ऍक्रेलिक आणि बाइंडरचाच करते. निफाडकडची काळी माती वाळली की करडी दिसते, काळी नाही, आणि त्र्यंबक-इगतपुरीकडचा मुरूम तांबूस. नाटक कुठल्या गावात घडतंय त्याप्रमाणे रंग ठरवा. रंग नेहमी दोन-तीन एकात एक, नुसता बाटलीतला तपकिरी कधीच लावू नका, त्यात थोडा काळा, थोडा पिवळा, किंचित पांढरा.

ब्रश जवळजवळ कोरडा. रंग घ्या, जुन्या फडक्यावर पुसा आणि उरलेला कपड्यावर घासा. शिवणीच्या कडेने, खिशाखाली, दुमडीच्या आत मळ साठतो तिथे गडद आणि पातळ रंग वाहू द्या. वर उचललेल्या भागावर फिकट आणि कोरडा. हात पुसल्याच्या खुणा करायच्या तर ब्रश सोडा, स्वतःच्या तळहाताला रंग लावा आणि नटाच्या अंगावर कपडा असताना त्याचाच हात धरून मांडीवर पुसा, तशी खूण ब्रशने येत नाही.

पावसाळ्यातलं नाटक असेल तर चिखल खालून वर विरत जातो, काठ पूर्ण भिजलेला, पोटरीपर्यंत शिंतोडे. सायकलवाल्याच्या पाठीवर मधोमध उभी रेघ. दुष्काळात यातलं काहीच नाही, फक्त धूळ, आणि धूळ वरून खाली बसते, खांदे, टोपी, मांड्या, बाहीची वरची बाजू.

घाम आणि तेलकटपणा

वाळलेल्या घामाच्या डागाला कडा असते, मध्ये फिकट आणि काठाला गडद. हे करायची युक्ती सोपी आहे. काखेत किंवा पाठीवर साध्या पाण्याने ओला गोल करा, मध्यावर कडक चहाचे चार थेंब टाका आणि हलवू नका. पाणी पसरतं, रंग काठाला नेतं आणि वाळताना तिथे रेघ सोडतं. वाळलं की त्याच्याच जरा बाहेर दुसरा गोल, मग तिसरा. तीन दिवसांचा घाम दिसतो. गडद कापडावर चहाऐवजी मिठाचं दाट पाणी, वाळलं की पांढऱ्या रेघा येतात. ताजा ओला घाम हवा असेल तर ग्लिसरिन आणि पाणी स्प्रे करा, नुसतं पाणी लाइटच्या गरमीने पहिल्या अंकातच उडून जातं.

कॉलर, टोपीची पट्टी, पदराची कड इथे तेलकट चमक लागते. खरं तेल लावू नका, ते पसरत जातं, खवट होतं आणि ट्रंकेतल्या बाकीच्या कपड्यांनाही लागतं. मेणबत्ती घासा, त्यावर तपकिरी बूटपॉलिश बोटाने अगदी जरासं, वर कागद ठेवून कोमट इस्त्री.

पक्कं करणे आणि लाइटखाली बघणे

रंग एक दिवस पूर्ण वाळू द्या. मग उलट्या बाजूने, मध्ये कागद, सुती कपड्याच्या उष्णतेवर प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं इस्त्री. हे मेण-पॉलिश लावायच्या आधी करायचं हं, नाहीतर मेण वितळून सगळीकडे. सुरकुत्या गेल्या तर पाणी मारून परत चुरगळून ठेवा.

आणि काम पुरं करायच्या आधी कपडा लाइटखाली बघाच. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये जो मळ खूप वाटतो तो स्टेजवर निम्मा राहतो. पिवळ्या-नारिंगी लाइटमध्ये तपकिरी जवळजवळ गायब होतो, निळ्या रात्रीच्या लाइटमध्ये तोच काळा दिसतो. प्रकाशयोजना करणाऱ्याला सांगून रंगीत तालमीत पाच मिनिटं मागा, नटाला कपडा घालून उभा करा आणि स्वतः दहाव्या रांगेत जाऊन बसा. दिसत नसेल तर गडद आणि फिकट यातला फरक वाढवा, सगळं अजून गडद करू नका. कॅमेऱ्यासाठी शूट असेल तर उलट, निम्म्यावर थांबा.

धूळ, सगळ्यात शेवटी

प्रयोगाच्या दिवशी विंगेत. मुलतानी मातीत किंचित कोळशाची बारीक पूड, म्हणजे खडीच्या धुळीचा राखाडी येतो. जुन्या मलमलीत बांधून बोचकं करा आणि कपड्यावर हलक्या हाताने आपटा, खांदे, टोपी, मांड्या, बूड. करताना मास्क तुम्हीही लावा आणि नटानेही, नाकातोंडात गेलं तर पहिल्याच वाक्याला खोकला येईल. तोंडाजवळ, म्हणजे कॉलरच्या पुढच्या बाजूला, धूळ नकोच.

प्रयोग झाला की कपडे धुवायचे नाहीत, घडी करायची नाही. नटाला आतून रोज धुतलेलं बनियन घालायला सांगा, कपडा उलटा करून उन्हात टाका, संध्याकाळी हँगरला सुतळीने चिठ्ठी बांधून त्यावर पात्राचं नाव आणि मोठ्या अक्षरात धुवू नये असं लिहा. आमच्या एका प्रयोगानंतर कुणीतरी चांगल्या मनाने सगळे कपडे लाँड्रीत दिले होते आणि ते कडक इस्त्री होऊन आले. पुढून, मागून आणि बाह्यांचा एकेक फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या प्रयोगाला अर्धा तास आधी पोचा, फोटो बघून बूटपॉलिश जिथे पुसलं गेलंय तिथे बोट फिरवा आणि बोचकं खांद्यावर दोनदा आपटा.